सोनोरा वाळवंटात एअर रायफलने जॅकरॅबिटची शिकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याचा दक्षिण भाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. फिनिक्सपासून टूसॉनच्या खाली मेक्सिकोच्या सीमेपर्यंत पसरलेलं सोनोरा वाळवंट हा तो मुलूख. शेजारच्या राज्यांत प्राणी बहुतेक तोच असला तरी कायदा वेगळा आहे. अंतरं यार्डात दिली आहेत, कारण तिकडचे रेंजफाइंडर (अंतर मोजायची यंत्रं) आणि नेमबाज यार्डातच बोलतात. 50 यार्ड म्हणजे साधारण 46 मीटर.

जॅकरॅबिट म्हणजे नक्की कोणता ससा?

आपल्याकडच्या रानसशाचा हा भाऊबंद. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या सशाशी त्याचं नातं लांबचं आहे. तो बीळ खणत नाही. झुडपाच्या बुंध्याशी माती उकरून अंगापुरता खळगा करतो आणि दिवसभर त्यात दबून बसतो. पिल्लं अंगावर लव आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात.

दक्षिण ॲरिझोनात दोन जाती भेटतात. काळ्या शेपटीचा जॅकरॅबिट सगळीकडे आढळतो. त्याच्या कानांची टोकं काळी असतात आणि वजन दोन-अडीच किलोच्या आसपास भरतं. दुसरा अँटिलोप जॅकरॅबिट. तो अंगाने मोठा, त्याच्या कानांच्या टोकांना काळा रंग नसतो आणि पळताना कुशीचा पांढरा पट्टा लखलखतो. तिसरा एक छोटा ससा दिसतो, गोल चेहऱ्याचा आणि कापसाच्या बोंडासारख्या शेपटीचा. तो कॉटनटेल. त्याचे नियम वेगळे आहेत, म्हणून ओळख पटल्याशिवाय चापावर बोट नेऊ नका. न्यू मेक्सिकोच्या नैर्ऋत्य टोकाला पांढऱ्या कुशीचा जॅकरॅबिट आहे आणि तो संरक्षित आहे. त्या भागात जाणाऱ्याने हा फरक आधी पाठ करावा.

परवाना लागतो का? एअर रायफल चालते का?

परवाना लागतो. ॲरिझोनाच्या गेम अँड फिश खात्याचा शिकार परवाना ऑनलाइन मिळतो आणि घेतल्या दिवसापासून 365 दिवस चालतो. राज्यात सहा महिने वास्तव्य झालं असेल तर स्थानिकांचा दर लागतो. दहा वर्षांखालच्या मुलाला छोट्या शिकारीसाठी स्वतःचा परवाना नको, पण सोबत परवानाधारक मोठं माणूस हवं.

जॅकरॅबिटला वर्षभर मुभा आहे आणि संख्येची मर्यादा नाही. कॉटनटेलला मात्र माणशी दिवसाला 10 ची मर्यादा आहे. एअर रायफल चालते. गाडीतून, रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या पलीकडे छर्रा मारणं चालत नाही. रात्री दिवे लावून मारणंही चालत नाही. वस्ती असलेल्या घरापासून पाव मैल, म्हणजे 400 मीटर, दूर राहण्याचा नियम बंदुकांसाठी आहे. एअर रायफल असली तरी तो पाळा. घरातल्या माणसाला हातातलं हत्यार कोणत्या प्रकारचं आहे ते लांबून कळत नाही.

जागेबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ होतो. केंद्राच्या भू-व्यवस्थापन खात्याच्या जमिनी आणि राष्ट्रीय वनं बहुतांशी खुली आहेत. राज्याच्या ट्रस्ट जमिनीवर एरवी वेगळा पास लागतो, पण परवानाधारक शिकारी हंगामात शिकार करत असेल तर त्याला तो माफ आहे. त्याच जमिनीवर नुसती निशाणेबाजी करायला मात्र ही माफी लागू होत नाही, म्हणून झीरो, म्हणजे ठरावीक अंतरावर स्कोपचा (रायफलीवरच्या दुर्बिणीचा) नेम आणि छर्रा जुळवणं, तिथे धरू नका. सग्वारो राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे. तोहोनो ओओधाम लोकांसारख्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर त्यांच्या परवानगीशिवाय पाऊल ठेवू नका. कुंपणावरच्या सूचना वाचा. जमिनीच्या हद्दी दाखवणारा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, कारण डोंगराच्या आडोशाला रेंज नसते.

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना एअर रायफल बाळगता येते का?

फिनिक्सच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना पडणारा हा खरा प्रश्न आहे. केंद्रीय कायदा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. त्या कायद्यात बंदूक म्हणजे स्फोटक दारूच्या जोराने गोळी फेकणारं हत्यार. एअर रायफल दाबलेल्या हवेवर चालते, म्हणून ती त्या व्याख्येत येत नाही. मात्र प्रत्येक राज्य ही व्याख्या जशीच्या तशी घेत नाही. न्यू जर्सीत एअर गनसुद्धा बंदूकच मानली जाते. बदली झाली, सामान हलवायचं असलं, तर रायफल ट्रकमध्ये टाकण्याआधी त्या राज्याचा कायदा पाहा. व्हिसाच्या बाबतीत शंका राहिली तर वकिलाला विचारा, दुकानदाराला नाही.

कोणती रायफल घ्यावी?

जॅकरॅबिट चिवट आहे. कबुतरं-खारींसाठी पुरणारी स्प्रिंगची .177 रायफल (हा आकडा म्हणजे नळीच्या भोकाचं इंचातलं माप) त्याच्यासाठी जवळच्या अंतरावर आणि फक्त डोक्याच्या नेमालाच चालते. या उघड्या मुलखात इतक्या जवळ जायला क्वचित मिळतं. म्हणून आधीच हवा भरून ठेवायची, म्हणजे पीसीपी, रायफल .22 किंवा .25 मध्ये घ्यावी.

.22 मधला 18 ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं लहान माप) छर्रा सेकंदाला 880 फुटांनी सुटला तर नळीच्या तोंडाशी सुमारे 31 फूट-पौंड, म्हणजे 42 ज्यूल, जोर मिळतो. .25 मधला 34 ग्रेनचा छर्रा 850 फुटांनी सुटला तर 54 फूट-पौंड. दुसऱ्यात वाऱ्याची ओढ कमी लागते आणि छातीच्या नेमाला भरवसा वाढतो, पण हवा जास्त खर्च होते आणि एका भरण्यात छर्रे कमी निघतात. नवख्याने .22 घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. छर्रे स्वस्त पडतात, म्हणून सराव जास्त होतो आणि सरावातूनच ससा जागच्या जागी पडतो.

छर्रा गोल डोक्याचा घ्या. टोकदार आणि खोल भोकाचे छर्रे डब्यावर आकर्षक दिसतात, पण 40 यार्डांच्या पुढे बहुतेक नळ्यांतून ते फाकतात. चार प्रकारचे डबे आणा, प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे 40 यार्डांवर मारून पाहा. ज्याचे पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसतील तो तुमच्या नळीचा छर्रा. डबा बदलला की ही परीक्षा पुन्हा घ्या.

झीरो किती यार्डांवर धरायचा?

वरच्या .22 च्या हिशोबाने, म्हणजे 18 ग्रेन, 880 फूट आणि नळीच्या मध्यापासून स्कोपचा मध्य 5 सेंटिमीटर वर, झीरो 35 यार्डांवर धरा. मग चित्र साधारण असं राहतं: 10 यार्डांवर छर्रा 2 सेंटिमीटर खाली लागतो, 20 ते 35 यार्डांत जवळजवळ नेमकाच लागतो, 50 वर 3 सेंटिमीटर खाली आणि 60 वर 7 ते 8 सेंटिमीटर खाली. 50 ते 60 या दहा यार्डांत छर्रा किती झपाट्याने कोसळतो ते बघा. अंतर दहा यार्डांनी चुकलं तर ससा जखमी होऊन निसटतो. म्हणून या रायफलीची हद्द 50 यार्ड मानावी. 65 वर डबा पाडणारा माणूस 65 वर ससा मारायला पात्र होत नाही.

हे आकडे तुमच्या रायफलीला हुबेहूब लागू पडणार नाहीत. कागद लावून 10, 20, 30, 40, 50 यार्डांवर स्वतः मारा आणि खाली लागण्याचं माप दस्त्यावर चिकटपट्टीने लावून ठेवा.

इथे एक चूक वारंवार होते. स्कोपच्या रेषांवर मिल-डॉट, म्हणजे नेम वर-खाली धरायच्या ठिपक्यांच्या खुणा, असल्या आणि स्कोप दुसऱ्या प्रतलाचा, म्हणजे मोठेपणा (झूम) बदलला तरी खुणा तेवढ्याच दाखवणारा, असला, तर ते माप एकाच ठरावीक मोठेपणावर खरं असतं, बहुधा सर्वात जास्तीच्या. घरी 12 वर ठेवून माप घेतलं आणि रानात 6 वर आणून नेम धरला, तर प्रत्येक खूण दुप्पट अंतराची होते आणि छर्रा सशावरून निघून जातो. मोठेपणा एकदा ठरवून त्या कड्यावर रंगाचा ठिपका द्या.

माझी स्वतःची हद्द कशी ठरवू?

बाकावर पिशवी ठेवून मारलेले छर्रे हद्द सांगत नाहीत. रानात जसं बसता तसं बसा: गुडघ्यावर कोपर टेकवून किंवा दोन काठ्यांच्या टेकूवर. थोडं चालून या, छाती धपापत असतानाच मारा. 3 सेंटिमीटरच्या गोल चकतीवर दहापैकी नऊ छर्रे ज्या अंतरावर बसतात ते तुमचं अंतर. ते 30 यार्ड निघालं तर 30. त्यात कमीपणा काही नाही. ससा तेवढा जवळ येईपर्यंत थांबावं लागतं, इतकंच.

वाऱ्याचा हिशोब कसा करायचा?

तासाला 10 मैलांचा, म्हणजे 16 किलोमीटरचा, आडवा वारा वरच्या छर्‍याला 35 यार्डांवर साडेतीन-चार सेंटिमीटर आणि 50 यार्डांवर साडेसात सेंटिमीटर सरकवतो. सशाचा मेंदू त्याहून लहान जागेत मावतो. वारा अर्धा झाला तर सरकणंही अर्धं. चेहऱ्यावर झुळूक नुसती जाणवते तेव्हा 3 ते 5 मैल, पानं आणि बारीक फांद्या सतत हलत असल्या तर 8 ते 12 मैल. कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी वारा वळतो, त्यामुळे तुमच्या गालाला लागणारा वारा आणि सशापाशी असणारा वारा वेगळा असू शकतो. त्याच्याजवळचं गवत बघा. सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापली की वारा उठतो आणि दिशा बदलत राहतो. शिकार पहाटे करायचं हे एक मोठं कारण आहे.

उतारावर, चढावर नेम का चुकतो?

रेंजफाइंडर तिरकं अंतर दाखवतो, पण छर्रा खाली येतो तो आडव्या अंतराच्या हिशोबाने. 30 अंशांच्या उतारावर 50 यार्ड दिसले तर नेम 43 यार्डांचा धरायचा. तसं न केल्यास छर्रा वर लागतो, चढावर मारा की उतारावर, दोन्हीकडे वरच. कोन दाखवणारा रेंजफाइंडर मिळाला तर हे गणित तोच करून देतो. एक काळजी घ्या: सशासमोर वाळक्या काटक्या असतील तर किरण काटकीवरून परत येतो आणि 48 च्या जागी 31 दाखवतो. सशाशेजारच्या दगडावर मोजा, दोनदा मोजा.

ससा कुठे आणि कधी सापडतो?

तो रात्री आणि संधिप्रकाशात चरतो. नोव्हेंबर ते मार्च हा आपला हंगाम धरावा. कायद्याने उन्हाळ्यातही मुभा आहे, पण तेव्हा 40 अंशांच्या पुढचं ऊन असतं, मांस झटकन खराब होतं, सशांच्या अंगावर पिसवा-गोचिडी जास्त असतात आणि वसंत-उन्हाळ्यात पोटात किंवा झुडपाखाली पिल्लं असण्याची शक्यता मोठी. थंडीत जा, हा आमचा आग्रह आहे.

जागा ओळखायला मेस्किटची झाडं शोधा. आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं हे झाड, त्यामुळे काटे आणि शेंगा पाहून मराठी माणसाला ते चटकन ओळखता येतं. मेस्किट आणि क्रिओसोटची झुडपं असलेलं सपाट रान जिथे कोरड्या ओढ्याला मिळतं, ती कड सशाची. काळे-तपकिरी गोल लेंडे, गवतातून गेलेल्या वाटा आणि काटेरी नागफणीची कुरतडलेली पानं या त्याच्या खुणा. उजाडल्यावर अर्ध्या-एक तासात तो सावलीच्या खळग्यात शिरतो, आणि दुपारपर्यंत झुडपाची उत्तर बाजू त्याची असते.

बघायचं कसं? आख्खा ससा शोधू नका, तो दिसणार नाही. त्याचा रंग म्हणजे मातीचाच रंग. कान शोधा. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना प्रकाशाच्या दिशेला तोंड करून रान न्याहाळलं की काटेरी काटक्यांच्या गुंत्यात दोन पाकळ्या नारिंगी-गुलाबी पेटलेल्या दिसतात. त्या कानात आरपार उजेड जातो आणि शिरांची जाळी दुर्बिणीतून मोजता येते. त्याच शिरांतून रक्त फिरवून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. सूर्य हातभर वर आला की ही खूण विझते.

दहा पावलं टाका, अर्धा मिनिट थांबा, डोळ्यांनी रान चाळा, पुन्हा दहा पावलं. सलग चालणाऱ्या माणसाला ससा जाऊ देतो. थांबणाऱ्या माणसामुळे तो अस्वस्थ होतो आणि कान हलवतो. दचकून पळाला तर बहुधा 50-60 यार्डांवर थांबून, कान ताठ करून मागे बघतो. पळत्या सशावर एअर रायफल उचलू नका. थांबेल तिथे तो हद्दीत आहे का ते बघा. नसेल तर बसा, दहा मिनिटं हालचाल करू नका. तो पुष्कळदा वळसा घालून आपल्याच रानात परत येतो.

नेम कुठे धरायचा?

कुशी तुमच्याकडे असेल तर डोळा आणि कानाचं बूड यांच्या मधोमध. मेंदू तिथे आहे. समोरून बघत असेल तर कपाळाच्या अरुंद जागेवर मारू नका, डोकं वळेपर्यंत थांबा. बारीकशी शीळ घातली की तो डोकं उचलतो आणि क्षणभर स्थिर होतो.

.25 किंवा 30 फूट-पौंडांच्या वरची .22 असेल आणि अंतर 40 यार्डांच्या आत असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात हृदय-फुप्फुसाचा नेम चालतो. पोटावर छर्रा लागला तर ससा पळतो आणि हळूहळू मरतो. हे होऊ द्यायचं नाही.

सशाच्या मागे काय आहे ते चापावर बोट ठेवण्याआधी पाहा. या मुलखात मागे बहुतेक दगड असतो आणि छर्रा दगडावरून भलत्या दिशेने उसळतो. कडेवर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा असलेला ससा कितीही चांगला दिसला तरी सोडून द्या. चुकलेला छर्रा शेकडो मीटर जातो आणि पलीकडच्या उतारावर कोण चालतंय ते तुम्हाला दिसत नाही. नारिंगी टोपीची सक्ती नाही, पण दोघं-तिघं असाल तर घाला.

जखमी ससा पळाला तर?

पहिला छर्रा सुटताच, डोळा स्कोपवरून न काढता, दुसरा भरा. ससा शेवटचा ज्या झुडपापाशी दिसला त्याची खूण मनात धरा आणि तुम्ही जिथून मारलंत तिथे टोपी ठेवून मग चाला. छर्रा लागलेल्या जागी केस आणि थेंब दिसतात. तिथून माग काढा. ससा बहुधा पहिल्या दाट झुडपात शिरून बसतो. जवळून डोक्यात दुसरा छर्रा मारून त्याला सोडवा. सापडेपर्यंत दुसऱ्या सशाकडे बघू नका.

उन्हात पीसीपी रायफलीला काय होतं?

बंद गाडीत उन्हात ठेवलेल्या रायफलीचं तापमान सहज 60 अंशांवर जातं. 20 अंशांना 250 बार (बार हे दाबाचं माप) भरलेली टाकी 60 अंशांना सुमारे 284 बारवर पोचते. तितक्या दाबासाठी ती टाकी कदाचित बनलेलीही नसेल. शिवाय रेग्युलेटर (दर छर्‍याला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) नसलेल्या रायफलीत गंमत उलटी होते. दाब जास्त झाला की आतल्या हातोडीला हवेची झडप पुरती उघडता येत नाही, हवा कमी सुटते आणि छर्रा हळू जाऊन खाली लागतो. मग माणूस स्कोपचे आकडे फिरवत बसतो, आणि संध्याकाळी रायफल निवल्यावर नेम वर लागायला लागतो. म्हणून रायफल पांढऱ्या चादरीत गुंडाळून सीटखाली, सावलीत ठेवा आणि उन्हाळ्यात ठरलेल्या दाबापेक्षा 20-30 बार कमी भरा.

हातपंपाने भरायचं असेल तर घरी, थंड वेळी भरा. 50-60 झटक्यांनंतर पाच-सात मिनिटं थांबा. तापलेल्या पंपातली रबरी रिंग सोलवटते आणि मग 150 बारच्या पुढे काटा हलत नाही. पावसाळी हवेत पंपाच्या आत पाणी साचतं, म्हणून ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची नळी लावा आणि दाण्यांचा रंग बदलला की ते बदला. घाईने भरलेली हवा गरम असते. ती निवली की काटा आठ-दहा बार उतरतो. ही गळती नव्हे. रात्रभर ठेवून सकाळीही काटा उतरत असेल तर साबणाच्या पाण्याने जोड तपासा.

रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियमचं तेल दाबाखालच्या हवेत पेट घेऊ शकतं. ऑक्सिजनच्या टाकीतून रायफल कधीही भरू नका, त्याने स्फोट होतो. कार्बन फायबरची मोठी टाकी असेल तर तिची दाब-चाचणी दर 5 वर्षांनी करावी लागते आणि बहुतेक टाक्यांचं आयुष्य 15 वर्षांचं असतं. तारीख टाकीवरच छापलेली असते. भरायच्या तोंडावरचं झाकण रानात हरवू देऊ नका. वाळूचा एक कण आत गेला की रिंग चिरते आणि उरलेला दिवस वाया जातो.

माणसासाठी किती पाणी, कोणती तयारी?

दिवसभरासाठी माणशी किमान 4 लिटर. ऊन कडक असेल आणि चढ असेल तर तासाला जवळजवळ 1 लिटर लागतं. निम्मं पाणी संपलं की परतीची वाट धरा, शिकार मिळाली असो वा नसो. नुसतं पाणी पिऊन मीठ भरून निघत नाही, म्हणून खारे शेंगदाणे, मीठ-साखरेचं पाणी किंवा लोणच्याची फोड सोबत असू द्या.

कोणी गोंधळल्यासारखं बोलू लागलं, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 911 ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी लिहून ठेवा.

15 जून ते 30 सप्टेंबर हा तिथला मान्सून धरला जातो. डोंगरात पडलेला पाऊस तुमच्या डोक्यावर ढग नसतानाही कोरड्या ओढ्यातून लोंढ्याने येतो. ओढ्यात गाडी लावू नका.

काटे आणि साप?

चोया नावाची नागफणी नुसत्या स्पर्शाने तुटून अंगाला चिकटते. हाताने ओढलीत तर दुसरा हातही अडकतो. रुंद दातांचा कंगवा खिशात ठेवा, गोळ्याखाली सरकवा आणि अंगापासून लांब झटका द्या. राहिलेले काटे चिमट्याने काढा. रॅटलस्नेक गरम महिन्यांत सावलीच्याच झुडपात बसतो, जिथे तुम्हाला ससा उचलायचा असतो. हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अंगठी-घड्याळ काढा आणि सरळ दवाखाना गाठा.

सशापासून आजार होतात का?

होतात, आणि या एका बाबतीत हयगय चालत नाही. ट्युलरेमिया हा जिवाणूजन्य आजार आजारी सशाला हात लावल्याने, गोचिडीने किंवा कच्च्या मांसाने लागतो. त्याचं नाव कॅलिफोर्नियातल्या टुलारी काउंटीवरून पडलं आहे. साधारण तीन ते पाच दिवसांत ताप, हाताला फोड आणि काखेत गाठ येते. औषधाने तो बरा होतो, पण डॉक्टरांना तुम्ही ससा सोलला होता हे सांगावंच लागतं. पिसवांमधून प्लेगही येऊ शकतो.

सुस्त बसलेला, जवळ गेलं तरी न पळणारा ससा मारू नका. सोलताना नायट्रिलचे हातमोजे घाला, पाण्याची बाटली कोपरापासून लांब ठेवा, डोळ्यांना हात लावू नका. पोट उघडल्यावर काळीज, म्हणजे यकृत, बघा. त्यावर खसखशीएवढे पांढरे ठिपके असले तर ससा फेकून द्या आणि हात, सुरी ब्लीचच्या पाण्याने धुवा. उन्हाळ्यात कातडीखाली शेंगदाण्याएवढ्या गाठीत माशीची अळी सापडते. ती किळसवाणी दिसते, पण तेवढा भाग काढला की मांस खाता येतं.

2020 मध्ये सशांचा रक्तस्रावी ताप, दुसऱ्या प्रकारचा, नैर्ऋत्य अमेरिकेत पसरला. माणसाला तो होत नाही, पण सशांचे कळप साफ करतो. एकाच जागी दोन-तीन मेलेले ससे, नाकाशी रक्त, असं दिसलं तर हात न लावता खात्याला कळवा. घरी पाळीव ससा असेल तर रानातले बूट आणि कपडे त्याच्या जवळ नेऊ नका.

आतडी उघड्यावर टाकू नका. शिशाचे कण गिधाडांच्या पोटात जातात. ॲरिझोनाच्या उत्तरेला 1996 पासून पुन्हा सोडलेल्या कॅलिफोर्निया काँडोरच्या मृत्यूंचं ते मोठं कारण आहे. त्या बाजूला जाणार असाल तर शिसं नसलेले छर्रे वापरा. ते हलके असतात, म्हणून झीरो नव्याने धरावा लागतो.

मांस चांगलं लागतं का? कसं शिजवायचं?

गडद लाल, चरबी नावालाही नाही. कोवळा ससा चविष्ट, म्हातारा चिवट. वय कानावरून कळतं: कोवळ्याचा कान हाताने सहज फाटतो, जुन्याचा चामड्यासारखा लागतो. मारल्यापासून अर्ध्या तासात पोट साफ करून, कातडी उतरवून, पिशवीत घालून बर्फाच्या पेटीत ठेवा. पिशवी बंद असू द्या, वितळलेल्या पाण्यात मांस तरंगू देऊ नका.

घरी आल्यावर मिठाच्या पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, पाणी एकदा बदला. मग आलं-लसूण, हळद, दही लावून दोन तास. मटणाच्या रश्श्याचं कांदा-खोबऱ्याचं वाटण इथे उत्तम बसतं, फक्त तेल थोडं जास्त घ्या, कारण मांस स्वतः काही सोडत नाही. कोवळ्याला कुकरच्या चार शिट्ट्या पुरतात, म्हाताऱ्याला आठ आणि वर मंद आचेवर वीस मिनिटं. मांडीच्या आत 74 अंश सेल्सिअस तापमान गेलंच पाहिजे, अर्धकच्चं ठेवू नका. छर्रा काढला असं वाटलं तरी वाढताना बोटांनी चाचपा, आणि जखमेभोवतीचा दोन बोटं भाग आधीच कापून टाका.

हेच गावाकडे, महाराष्ट्रात करता येईल का?

नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे रानसशाची शिकार हा गुन्हा आहे. शेत स्वतःचं असलं तरी आणि हत्यार छर्‍याचं असलं तरी तो गुन्हाच. कायद्यात शिकार या शब्दात मारण्याबरोबर पकडणं, सापळा लावणं आणि नुसता प्रयत्न करणंही येतं. तिथे 20 ज्यूलच्या आतली .177 एअर रायफल विनापरवाना मिळते, पण तो परवाना न लागणं कागदाच्या लक्ष्यापुरतं आहे. अमेरिकेतली 42 ज्यूलची .22 सामानातून भारतात आणू नका. जोर आणि नळीचं माप, दोन्ही कारणांनी तिला शस्त्र परवाना लागतो.